सोलर लावल्यावर तुमचं दुकान खरंच किती वीज खातं? तीन आकड्यांचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर जो हिशोब केला, तो इथे सविस्तर लिहून देतोय. व्हिडिओ बघताना आकडे पटकन सरकून जातात, त्यामुळे हा लेख उघडा, शेजारी वही घ्या आणि तुमच्याकडची मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा.

विषय साधा आहे. तुमच्या छतावर सोलर आहे, किंवा तुम्ही लावायच्या विचारात आहात. तर तुमच्या दुकानाचा, वर्कशॉपचा, बेकरीचा वीजवापर मोजताना सोलरची युनिट धरायची की सोडायची? धरली तर कुठे?

तुम्ही म्हणाल, बिल कमी झालं ना, मग कशाला डोकं लावायचं? तर ऐका. सोलर लागल्यावर वीजबिल हे तुमच्या वापराचं माप राहत नाही. आधी बिलावरची युनिट म्हणजे तुमचा वापर, हे समीकरण सरळ होतं. आता त्या आकड्यात वापर, निर्मिती आणि परत दिलेली वीज, तिन्ही एकत्र मिसळलेलं असतं. दुकानात गळती वाढली तरी बिल छोटंच दिसतं. आणि आपण धंदेवाले लोक, जे दिसत नाही त्यावर खर्च करत राहतो.

आधी एक शब्द समजून घ्या: ईपीआय

इमारत वीज किती जपून वापरते, हे सांगणारा एक आकडा आहे. त्याला एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स म्हणतात, थोडक्यात ईपीआय. सूत्र शाळेतल्या गणितापेक्षा सोपं:

ईपीआय = वर्षभराची वीज (युनिट) ÷ जागेचं क्षेत्रफळ (चौरस मीटर)

जागा चौरस फुटात असेल तर १०.७६४ ने भागा, चौरस मीटर मिळतील. म्हणजे १,०७६ चौरस फुटांचं दुकान साधारण १०० चौरस मीटर. यात बांधकामाचं क्षेत्रफळ घ्यायचं. समोरचं पार्किंग, अंगण, मोकळं छत मोजायचं नाही. छतावर पॅनल आहेत म्हणून छत धरलं, तर भाजक मोठा होतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

भारतात इमारतींना स्टार देण्याची योजना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, २००९ पासून चालवते. फ्रिजवर आणि एसीवर जे तारे बघता, ते देणारी हीच संस्था. मोठा जोडभार असलेल्या ऑफिस इमारतींसाठी ती योजना सुरू झाली. आपलं दुकान त्यात बसणार नाही, हे मान्य. पण त्यांची मोजायची पद्धत आपल्याला उसनी घेता येते.

त्या पद्धतीत काय धरतात? विकत घेतलेली वीज अधिक जनरेटरची वीज. आणि काय सोडतात? त्याच जागेवर सोलरसारख्या अपारंपरिक साधनांनी तयार केलेली वीज. म्हणजे छतावरच्या सोलरने भागवलेला वापर स्टारच्या ईपीआयमध्ये येतच नाही. सोलर लावणाऱ्याला बक्षीस मिळावं, म्हणून हे ठीक आहे. पण मालक म्हणून तुम्हाला एवढ्या एका आकड्यावर थांबून चालणार नाही. का, ते आता उदाहरणात बघू.

उदाहरण: केक-बेकरी, १०० चौरस मीटर

समजा, एका ताईंची मिरजेत केक-बेकरी आहे. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर स्वतःचं छत. इलेक्ट्रिक ओव्हन, डीप फ्रीजर, डिस्प्ले काउंटर, एक एसी, सहा पंखे.

सोलरच्या आधीचं वर्ष: बिलावरची युनिट १८,०००. म्हणजे ईपीआय १८०.

मग ताईंनी १० किलोवॅट सोलर लावलं, नेट मीटर बसवला. पुढच्या वर्षाचे आकडे असे:

- ग्रिडकडून घेतलेली वीज (आयात): १०,८०० युनिट
- सोलरची एकूण निर्मिती: १३,८०० युनिट
- ग्रिडला परत दिलेली वीज (निर्यात): ४,२०० युनिट

ताई म्हणतात, "सर, आधी १८,००० युनिट होती, आता १०,८०० वजा ४,२०० म्हणजे फक्त ६,६००. माझं दुकान ६३ टक्के कमी वीज खातं!"

खरंच खातं का? पायरी पायरीने बघू.

पायरी १: सोलरमधली किती वीज आपणच वापरली?

निर्मिती वजा निर्यात: १३,८०० − ४,२०० = ९,६०० युनिट.

पायरी २: दुकानाचा खरा वापर किती?

आयात अधिक स्वतः वापरलेली सोलर: १०,८०० + ९,६०० = २०,४०० युनिट.

थांबा आणि हा आकडा परत वाचा. आधी १८,०००, आता २०,४००. दुकानाचा वापर कमी झालाच नाही, उलट २,४०० युनिटनी वाढलाय.

पायरी ३: तीन ईपीआय काढा

- खऱ्या वापराचा: २०,४०० ÷ १०० = २०४
- ग्रिडकडून घेतलेल्या विजेचा: १०,८०० ÷ १०० = १०८
- निव्वळ, म्हणजे वापर वजा सगळी निर्मिती: ६,६०० ÷ १०० = ६६

दुकान तेच, वर्ष तेच, आणि आकडे तीन. तिन्ही खरे आहेत. फक्त प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला आकडा तुमच्या दुकानाची शिस्त सांगतो: मशिनं, सवयी, दारं-खिडक्या, गळती. दुसरा सांगतो की तुम्ही ग्रिडवर किती अवलंबून आहात. बीईईच्या पद्धतीच्या जवळ जाणारा हाच. तिसरा सांगतो की वर्षभराचा जमाखर्च मांडला तर सोलरने किती भरून काढलं.

ताईंनी तिसरा आकडा घेतला आणि पहिल्याचं काम त्याला दिलं. गल्ल्यात पैसे आहेत म्हणून धंदा नफ्यात आहे असं समजण्यासारखंच हे. गल्ला आणि नफा वेगळा, हे आपण पहिल्याच मॉड्यूलमध्ये शिकलो. इथेही तेच लावा.

वापर वाढला म्हणजे गळतीच, असं लगेच म्हणू नका

आता दुसरी बाजू. धंदा वाढला असेल तर वीज वाढणारच. म्हणून ईपीआयच्या शेजारी अजून एक आकडा ठेवा: दर नगामागे किंवा दर किलोमागे युनिट.

समजा आधीच्या वर्षी १२,००० किलो माल निघाला. १८,००० ÷ १२,००० = दीड युनिट प्रतिकिलो.

यंदा १३,६०० किलो निघाला असेल, तर २०,४०० ÷ १३,६०० = पुन्हा दीड युनिट. म्हणजे वाढ धंद्याची आहे. ताईंना शाबासकी.

पण माल यंदाही १२,००० किलोच असेल, तर २०,४०० ÷ १२,००० = १.७ युनिट. आता ही गळती आहे. कुठे असेल? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. "सोलर आहे ना, चालू दे." एसी १८ वर, दार उघडं. जुना डीप फ्रीजर जो भंगारात द्यायचा होता, तो थंड पाण्यासाठी परत चालू केला. ओव्हन अर्धा तास आधीच तापवायला लावला.

या २,४०० युनिटची किंमत काढू. तुमच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडतात असं समजा. २,४०० × १२ = २८,८०० रुपये, दरवर्षी. ही वीज विकत घ्यावी लागली नसती किंवा तेवढी क्रेडिटमध्ये गेली असती.

सोलरच्या भाषेत गळती किती महाग पडते?

महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं. वर्षाला साधारण १,४०० युनिट धरा. जागा लागते १०० चौरस फुटांच्या आसपास.

२,४०० ÷ १,४०० = सुमारे १.७ किलोवॅट.

किलोवॅटला ५०,००० रुपये कोटेशन आलं असं धरलं, तर ८५,००० रुपयांचं सोलर आणि १७० चौरस फूट छत फक्त गळती भरून काढायला राबतंय!

आता उलट बाजूने बघा. दुकानातले सहा जुने पंखे साधारण ७५ वॅटचे. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. फरक ४५ वॅट. सहा पंखे, दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस:

६ × ४५ × १२ × ३०० ÷ १,००० = ९७२ युनिट.

एवढी वीज बनवायला ०.७ किलोवॅट सोलर लागेल, म्हणजे वरच्याच भावाने ३५,००० रुपये. सहा बीएलडीसी पंखे ३,००० च्या भावाने १८,००० रुपयांत येतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापरासाठी सोलरचा आकार ठरवा. उलटं केलंत की गळतीच्या मापाचं सोलर विकत घ्याल.

मोठे लोक काय करतात?

दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन घ्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं ऑफिस, २०१४ मध्ये सुरू झालं. छतावर ९३० किलोवॅट सोलर आहे, आणि वर्षाला जेवढी वीज लागेल साधारण तेवढीच तिथे तयार व्हावी, असं ते डिझाइन केलंय. दोन्ही बाजू १४ लाख युनिटच्या आसपास. म्हणून त्याला नेट झीरो इमारत म्हणतात.

पण त्या इमारतीचा ईपीआय किती सांगतात? शून्य नाही सांगत. डिझाइनचा आकडा ४४ च्या आसपास आहे. आधी इमारतीची दिशा, सावली, थंडाव्याची यंत्रणा, दिवे यांवर काम करून वापर खाली आणला. मग तो खाली आलेला वापर सोलरने भागवला. वापर आणि निर्मिती हे दोन वेगळे रकाने ठेवले म्हणूनच आपल्याला कळतं की इमारत चांगली आहे, फक्त छत मोठं आहे असं नाही.

आपल्या दुकानाला हेच लागू. रकाने वेगळे ठेवा.

आकडे कुठून मिळतील?

१. निर्मिती: सोलरच्या बाजूला जनरेशन मीटर असतो, त्याचं रीडिंग घ्या. इन्व्हर्टरच्या ॲपमध्येही आकडा दिसतो, पण दोन्हीत थोडा फरक येऊ शकतो. वर्षभर एकच स्रोत धरा.

२. आयात आणि निर्यात: दोन्ही नेट मीटरवर आणि बिलावर वेगवेगळे मिळतात. बिल झालेली युनिट हा आकडा घेऊ नका. त्यात मागच्या महिन्यांची शिल्लक क्रेडिट वजा झालेली असते. आपल्याला या महिन्यात प्रत्यक्ष किती वीज आली आणि किती गेली, ते हवंय.

३. गुणक तपासा: मोठ्या जोडणीत सीटी मीटर असतो. तिथे रीडिंगला मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणावं लागतं. बिलावर तो लिहिलेला असतो. हे विसरलं की अख्खा हिशोब कोसळतो.

४. तारीख एकच ठेवा: बिलाचं रीडिंग ज्या तारखेला होतं, त्याच दिवशी जनरेशन मीटर वाचा. एक बाजू ५ तारखेची आणि दुसरी २० तारखेची, असं झालं तर बेरीज जुळणार नाही.

५. जनरेटर असेल तर: त्याची युनिट खऱ्या वापरात मिळवा. मीटर नसेल तर छोट्या जनरेटरला लिटरमागे साधारण ३ युनिट धरा आणि तसं वहीत लिहून ठेवा.

६. पूर्ण १२ महिने घ्या: एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, जून ते ऑगस्ट ढग. फक्त मे महिना दाखवून कुणी "बघा किती तयार होतंय" म्हणालं तर हसून १२ महिन्यांचा कागद मागा.

माझ्या दुकानात काउंटरखाली एक साधी दोनशे पानी वही आहे. महिन्याला एक ओळ: तारीख, आयात, निर्यात, निर्मिती, खरा वापर, विक्री. सहा रकाने, दहा मिनिटांचं काम. एक्सेल येत असेल तर उत्तम, नसेल तर वहीच पुरे.

सोलरचीही परीक्षा घ्या

रकाने वेगळे ठेवण्याचा अजून एक फायदा. सोलर नीट चालतंय का, हेही कळतं.

ताईंची निर्मिती १३,८०० ÷ १० किलोवॅट = १,३८० युनिट प्रतिकिलोवॅट. ठीक आहे. हाच आकडा ११०० वर आला असता, तर पॅनलवर धूळ, शेजारच्या नव्या इमारतीची सावली किंवा इन्व्हर्टर मधूनमधून बंद पडणं, यातलं काहीतरी शोधायला हवं होतं. फक्त बिल बघणाऱ्याला हे कळत नाही, कारण बिल वापरामुळे वाढलं की निर्मिती घटल्यामुळे, ते बिल सांगत नाही.

"माझं दुकान इतके टक्के सोलरवर" हे कसं सांगायचं?

मोठी कंपनी तुम्हाला पुरवठादार म्हणून घेताना किंवा बँक कर्ज देताना विचारू शकते, वीज किती वापरता आणि त्यात सोलर किती? इथे खरं आणि नेमकं सांगा.

- थेट वापर: ९,६०० ÷ २०,४०० = ४७ टक्के. ऊन असताना सोलरची वीज थेट मशिनला गेली.
- वार्षिक निर्मितीच्या तुलनेत: १३,८०० ÷ २०,४०० = ६८ टक्के. यात ग्रिडला दिलेली वीजही धरली आहे.

६८ सांगायला हरकत नाही, फक्त "वार्षिक, निर्यात धरून" हे शब्द जोडा. नुसतं ६८ सांगितलं आणि समोरच्याच्या इंजिनिअरने बिलं मागवली, तर आकड्याबरोबर तुमचा शब्दही उतरतो. ऑर्डर एका महिन्याची असते, शब्द कायमचा.

नेहमीचे चार प्रश्न

सोलर लावलं की बिल शून्य होतं का? निव्वळ युनिट शून्य होऊ शकतात. पण स्थिर आकार राहतोच. शिवाय व्यावसायिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लागू असतील, तर दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट पैशात सारखं धरलं जाईलच असं नाही. म्हणून युनिटचा हिशोब आणि रुपयांचा हिशोब वेगळ्या पानांवर करा. कोटेशन घेताना तुमच्या सध्याच्या बिलावरचे नियम लावूनच परतफेडीची वर्षं काढून मागा.

पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी दुकानाला मिळते का? नाही. फेब्रुवारी २०२४ ची ही योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. ३ किलोवॅट आणि पुढे कमाल ७८,००० रुपये मिळतात, ते घराला. कुणी दुकानाच्या कोटेशनमधून ही रक्कम वजा करून दाखवत असेल, तर तिथेच थांबा.

कॉम्प्लेक्सच्या छतावर सोलर आहे, माझा गाळा भाड्याचा आहे. मी ती वीज धरू का? ती वीज लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांना जात असेल, तर ती इमारतीच्या सामायिक वापरात जाईल. तुमच्या मीटरवर ज्याचा परिणाम होत नाही, ते तुमच्या वहीत लिहू नका. तुमचा ईपीआय फक्त तुमच्या मीटरवरून काढा.

गॅसचा ओव्हन बदलून इलेक्ट्रिक घेतला, ईपीआय वाढला. मी बिघडलो का? नाही. गॅस, डिझेल भट्टी, लाकूड हे विजेच्या ईपीआयमध्ये दिसत नव्हतं, आता वीज म्हणून दिसतंय. म्हणून इंधनाचा खर्च वेगळ्या रकान्यात ठेवा आणि बदल केल्याची तारीख लिहा. वर्षभरानंतर तुम्हालाच आठवणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दुकानाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा.
२. १२ महिन्यांची आयात आणि निर्यात बिलांवरून उतरवा. सोलर नसेल तर फक्त वापर उतरवा, हे तुमचं पायाभूत वर्ष. सोलर लावायच्या आधी हे केलंत तर सोन्याहून पिवळं, कारण नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी राहील.
३. निर्मिती वजा निर्यात, अधिक आयात, अधिक जनरेटर: खरा वापर काढा.
४. तीन ईपीआय आणि एक प्रतिनग आकडा, असे चार आकडे एका पानावर लिहा. प्रत्येकासमोर काय धरलं, काय सोडलं हे एका ओळीत लिहा.
५. खरा वापर मागच्या वर्षीपेक्षा वाढला असेल आणि माल वाढला नसेल, तर रविवारी दुकान बंद असताना मीटर बघा. सगळं बंद असूनही जो आकडा पळतोय, शोध तिथून सुरू करा.

सोलर कंपनीचा माणूस कोटेशन घेऊन येईल तेव्हा हे पान त्याच्यासमोर ठेवा. दहा किलोवॅट हवं की सात पुरेल, ही चर्चा मग तुमच्या आकड्यांवर होईल. तीन किलोवॅटचा फरक म्हणजे आपल्या उदाहरणातल्या भावाने दीड लाख रुपये. छोट्या धंद्यात दीड लाख म्हणजे एका सणाचा कच्चा माल.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून सोलरची परतफेड किती वर्षांत होते, कर्जाचा हप्ता आणि घसारा धरून, ते करू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण ठेवा, त्यातलेच आकडे लागणार आहेत.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा वाढवा, हिशोब ठेवा!